६१७४ आणि देवळालीचे कापरेकर मास्तर

आपल्या मराठी वर्गात दोन पिढ्या एका बाकावर बसतात. तरुण मुले शाळेत प्रोग्रॅमिंग शिकून येतात आणि आजी-आजोबांना पावकी, निमकी, दिडकी अजून तोंडपाठ आहे. दोघांनाही एकाच कागदावर वाकायला लावील असा माणूस शोधताना मला दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आठवले. ते नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. आयुष्यभर त्यांनी संख्यांची कोडी घातली आणि सोडवली, आणि आज जगभरातले विद्यार्थी संगणकाला पहिले धडे देताना त्यांचीच कोडी वापरतात.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वडील कारकून होते, पण त्यांचा जीव ज्योतिषात. पत्रिका मांडायची म्हणजे आकडेमोड आलीच, आणि हा आकड्यांचा नाद मुलाने वडिलांच्या मांडीवर बसून उचलला. आठ वर्षांचा असताना मुलाची आई गेली. पुढे वडिलांनीच त्याला वाढवले. हायस्कूलचे शिक्षण ठाण्याला झाले. (ठाणे म्हटले की आपल्यातल्या कितीतरी आजी-आजोबांचे डोळे चमकतात, हे मला माहीत आहे. पण विषय सोडायचा नाही!) कोडी सोडवण्यात तासन्‌तास घालवणे ही सवय त्यांना त्या शाळेच्या दिवसांपासूनच लागली होती.

१९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेले. १९२७ मध्ये तिथे त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी हाती आली. शिक्षण तिथेच संपले. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही. १९३० साली ते देवळालीच्या शाळेत रुजू झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तिथेच शिकवत राहिले.

देवळाली म्हणजे लष्कराची छावणी. आपले जे वडीलधारे फौजेत किंवा रेल्वेत होते त्यांना देवळाली कॅम्प सांगायला नको. ब्रिटिश काळात मायदेशी जाणारे गोरे शिपाई तिथे बोटीची वाट पाहत महिनोन्‌महिने पडून असत, आणि कंटाळ्याने म्हणा, तापाने म्हणा, काहींचे डोके फिरे. त्यावरून डोके फिरलेल्या माणसाला इंग्रजीत डूलाली म्हणण्याची पद्धत पडली. तो शब्द आपल्या देवळालीचाच. कापरेकरांनाही काही लोक थोडे तसेच समजत. शाळा सुटली की हा माणूस कागद-पेन्सिल घेऊन बसे आणि एकाच संख्येला उलटीपालटी करत राही.

त्यांनी संख्यांना दिलेली नावेही अशीच जिव्हाळ्याची. मुंबईपासून तीसेक मैलांवर जी.आय.पी. रेल्वेचे एक स्टेशन होते, डेम्लो. आजचे डोंबिवली. त्या स्टेशनावर त्यांना एका प्रकारच्या संख्या सुचल्या, म्हणून त्यांनी त्यांचे नाव ठेवले डेम्लो संख्या. उदाहरणार्थ १६५, यात पहिला आणि शेवटचा अंक मिळवला की मधला अंक येतो. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५, आणि मधे ५ चीच रांग. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नेमका भाग जातो तिला त्यांनी हर्षद म्हटले, हर्ष देणारी. १८ घ्या, १ आणि ८ मिळून ९, आणि १८ ला ९ ने भाग जातो. २९७ चा वर्ग ८८२०९. त्याचे ८८ आणि २०९ असे दोन तुकडे करून मिळवा, पुन्हा २९७. अशा संख्यांना आज जगात सगळीकडे कापरेकर संख्या म्हणतात.

पण त्यांचे नाव खरे टिकले ते एका चार अंकी संख्येमुळे. ती त्यांना १९४६ साली सापडली.

कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. तिचे अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा. मग तेच अंक लहानाकडून मोठ्याकडे मांडा. पहिल्यातून दुसरी वजा करा. जे उत्तर येईल त्याच्यावर पुन्हा हेच करा. आपण कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ, १९०५.

९५१० − ०१५९ = ९३५१
९५३१ − १३५९ = ८१७२
८७२१ − १२७८ = ७४४३
७४४३ − ३४४७ = ३९९६
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर पुन्हा तेच केले तर ७६४१ वजा १४६७, म्हणजे परत ६१७४. पुढे जाता येत नाही. कोणत्याही संख्येपासून निघा, मुक्काम हाच, आणि तोही जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत. कापरेकरांच्या जन्मवर्षाला पुरत्या सात लागतात, हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडले. अशा परिषदांना ते स्वतःच्या पगारातून खर्च करून जात. पुस्तिकाही स्वतःच छापत. भारतातल्या अनेक गणितज्ञांना त्यांचे काम पोरखेळ वाटे, आणि त्यांचा आक्षेप अगदीच खोटा नव्हता, हेही मुलांना सांगायला हवे. आपण दहाच्या पटीत संख्या लिहितो म्हणून ६१७४ येते. आपल्या हातांना आठ बोटे असती आणि आपण आठच्या पटीत लिहीत असतो, तर ही गंमत या रूपात दिसली नसती. तेव्हा हा संख्येचा गुण की संख्या लिहिण्याच्या पद्धतीचा, असा तो प्रश्न होता. कापरेकरांनी या वादात फार जीव अडकवला असे दिसत नाही. ते पुढची संख्या मांडत राहिले.

मग त्यांचे काम छापले कोणी? इथे आपल्याला जवळचा एक धागा लागतो. न्यूयॉर्कच्या येशिवा विद्यापीठातून स्क्रिप्टा मॅथेमॅटिका नावाचे त्रैमासिक निघे. १९३२ साली येकुतिएल गिन्सबर्ग या गणिताच्या प्राध्यापकाने ते सुरू केले आणि तोच त्याचा संपादक होता. गणिताचा इतिहास, तत्त्वज्ञान आणि करमणुकीचे गणित यांना त्या नियतकालिकात मानाची जागा होती. कापरेकरांचा वजाबाकीचा हा खेळ १९४९ साली तिथेच छापून आला, आणि ६१७४ च्या गुणधर्मावरचा त्यांचा लेख १९५५ साली, तोही तिथेच. देवळालीच्या मराठी मास्तरांना घरच्या विद्वानांनी जिथे दाराबाहेर ठेवले, तिथे एका ज्यू विद्यापीठाच्या त्रैमासिकाने त्यांना घरात घेतले. आपल्या वर्गात हे कोणी फारसे सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले.

त्याच १९५५ साली इथे रेहोवोतमध्ये, वाइझमन संस्थेत, वायझॅक हा इस्राएलचा पहिला संगणक चालू झाला. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा टिफ्रॅक १९६० च्या सुमारास कामाला लागला. देवळालीच्या मास्तरांच्या हाताशी यातले काहीच नव्हते. आज मात्र वर्गातला कोणताही मुलगा लॅपटॉप उघडून दहा-बारा ओळी लिहितो आणि १००० पासून ९९९९ पर्यंतच्या सगळ्या संख्या पापणी लवायच्या आत तपासून मोकळा होतो.

आपल्याही वर्गात हे झाले. एका मुलाने प्रोग्रॅम लिहिला, चालवला आणि उभा राहून म्हणाला की कापरेकर चुकले, ७७ संख्या ६१७४ ला न जाता शून्यावर जातात. वर्गात शांतता. ११११, २२२२ अशा नऊ संख्या शून्यावर जाणारच, त्या वगळायच्याच आहेत. पण उरलेल्या ६८ चे काय? त्यातली एक होती २१११. मागच्या बाकावरच्या एका आजींनी वहीत वजाबाकी केली. २१११ वजा १११२, उत्तर ९९९. त्यांनी शाळेत शिकल्याप्रमाणे चार घरे पुरी करायला आधी शून्य लिहिले, ०९९९. मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, त्यातून ८०८२, त्यातून ८५३२, आणि त्यातून ६१७४. संगणकाने मात्र पुढचे शून्य गाळून टाकले होते. त्याच्या लेखी ९९९ ही तीन अंकी संख्या, उलटी-सुलटी केली तरी तीच, वजाबाकी शून्य. मुलाने एक ओळ वाढवली, उत्तर नेहमी चार घरांत लिही, आणि ६८ च्या ६८ संख्या मुक्कामाला पोचल्या. आजींना प्रोग्रॅममधले ओ की ठो कळत नव्हते. त्यांना शून्याची किंमत माहीत होती.

आता खरा प्रश्न. संगणकाने सगळ्या तपासल्या, ठीक. पण इतक्या तपासायची गरज होती का? इथे मोजणीचे शास्त्र कामाला येते. आपण अंक मांडून घेतो, म्हणजे १९०५, ९१५०, ५०१९ या सगळ्या एकच. पुढे शून्य असलेल्याही धरल्या तर दहा हजार संख्या होतात, पण अंकांचे वेगवेगळे गट निघतात फक्त ७१५. त्यातले दहा सारख्या अंकांचे सोडले की राहिले ७०५. अजून पुढे जाऊ. चार अंक मोठ्याकडून लहानाकडे अ, ब, क, ड असे असतील, तर वजाबाकी नेहमी येते ९९९ गुणिले (अ − ड) अधिक ९० गुणिले (ब − क). पडताळून पाहा, अवघड नाही. म्हणजे उत्तर ठरते ते फक्त दोन फरकांवरून. बाहेरचा फरक १ ते ९ मधला, आणि आतला फरक त्याहून मोठा असू शकत नाही. मोजा: २ अधिक ३ अधिक ४ असे करत १० पर्यंत, एकूण ५४. दहा हजार संख्यांची पहिल्या वजाबाकीनंतर उरतात फक्त ५४ उत्तरे. एवढी तर कोणीही दुपारच्या चहापर्यंत हाताने करील.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलांना मी म्हणेन, दोन्ही करा. आधी यंत्राला सगळे तपासू द्या, म्हणजे काहीतरी आहे हे कळते. मग ५४ पर्यंत या, म्हणजे ते का आहे हे कळते. तीन अंकी संख्यांचा मुक्काम ४९५, तिथे तर नऊच उत्तरे तपासायची. पाच अंकी संख्यांना एकच मुक्काम नाही, त्या फेऱ्यांत अडकतात. ५३९५५ मधून ५९९९४ आणि ५९९९४ मधून परत ५३९५५. अशा एकूण तीन फेऱ्या आहेत. उरलेल्या दोन तुमच्या प्रोग्रॅमकडून शोधून घ्या.

हातानेच काम करणाऱ्या माणसाला वाट आखूड करावीच लागते. कापरेकरांची ही हातोटी सगळ्यात चांगली दिसते ती त्यांच्या स्वयंभू संख्यांत. एखादी संख्या घ्यायची आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवायची. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८. तेव्हा २३ ही २८ ची जनक. पण काही संख्यांना जनकच नसतो: १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२... त्या कोणापासून जन्मल्या नाहीत, म्हणून त्या स्वयंभू. आपल्याकडे स्वयंभू हा शब्द जमिनीतून आपोआप वर आलेल्या देवमूर्तीला वापरतात. मास्तरांनी तो संख्येला लावला.

एखादी संख्या स्वयंभू आहे की नाही हे कसे ओळखायचे? मागच्या सगळ्या संख्या तपासत बसायचे? कापरेकरांची कसोटी अशी. ते देवळालीला रुजू झाले ते वर्ष घेऊ, १९३०. अंकांची बेरीज १३, तिचीही बेरीज ४. ती सम आहे, म्हणून निम्मी करा, २. (विषम आली तर आधी ९ मिळवून मग निम्मी करायची.) १९३० मधून २ वजा, १९२८. तिच्या अंकांची बेरीज २०, मिळवली की १९४८, १९३० नव्हे. आता नऊ-नऊ मागे जा. १९१९ देते १९३९. १९१० देते १९२१. १९०१ देते १९१२. यापुढे जायचे कारण नाही, कारण चार अंकांची बेरीज ३६ च्या वर जात नाही. चार संख्या तपासून झाल्या, जनक नाही. १९३० स्वयंभू. आणि जाता जाता, १९२८ ही १९४८ ची जनक निघाली. या विषयावरची त्यांची पुस्तिका देवळालीहून निघाली १९६३ साली, आणि १९६३ हीसुद्धा स्वयंभू संख्या आहे. ही कसोटी लावून घरी पाहा.

काही संख्यांना उलट दोन-दोन जनक असतात. अशी पहिली १०१, तिचे जनक ९१ आणि १००. यांना ते संगम संख्या म्हणत. तीन जनक असलेली सगळ्यात लहान संख्या कोणती? ती त्यांनी १९६१ साली शोधली, एकावर तेरा शून्ये आणि त्यात एक मिळवलेला. तिचे जनक पाहा: १,००,००,००,००,००,०००, मग ९९,९९,९९,९९,९९,९०१, आणि ९९,९९,९९,९९,९९,८९२. अंकांच्या बेरजा अनुक्रमे १, १०० आणि १०९. मिळवून पाहा. सेकंदाला दहा लाख संख्या तपासणारा प्रोग्रॅम एकापासून सुरू करून इथवर यायला ११५ दिवसांहून जास्त घेईल. मास्तर तिथे विचार करून पोचले.

१९६२ साली शाळेतून निवृत्ती, १९६६ साली पत्नीचे निधन. पेन्शन पुरत नव्हती. साठी ओलांडलेला हा माणूस घर चालवायला गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेऊ लागला. ज्यांच्या नावाची संख्या परदेशी पुस्तकांत येऊ लागली होती, ते स्वतः देवळालीत पोरांना अपूर्णांक शिकवत होते. या गोष्टीचा मला राग येतो, पण त्यांनी त्याबद्दल कुरकुर केल्याचे माझ्या वाचनात नाही.

मार्च १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातल्या आपल्या लोकप्रिय सदरात कापरेकर आणि त्यांच्या स्वयंभू संख्यांवर लिहिले. ते सदर जगभर वाचले जाई. ज्यांच्या हाती तेव्हा संगणक येऊ लागले होते त्यांनी ६१७४ लगेच यंत्रावर घातले. मास्तर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली देवळालीलाच ते वारले.

पुढच्या तासाला सगळ्यांनी एक संख्या आणायची आहे. आपले आजी-आजोबा किंवा पणजोबा इस्राएलला कोणत्या वर्षी आले ते घरी विचारा आणि त्या वर्षापासून वजाबाकी सुरू करा. १९५१ साली जे आले त्यांना दोनच वजाबाक्या लागतील. १९६४ वाल्यांना सहा. १९८६ लाही सहा, आणि ही दोन्ही वर्षे पहिल्याच वजाबाकीत ८१७२ वर येतात, जिथे १९०५ दुसऱ्या वजाबाकीत आले होते. तिथून पुढे तिघांचा रस्ता एकच.